मागच्या सीटवरचा कान

तक्ता दाजींनी स्वतः आखला होता. फूटपट्टी लावून, दवाखान्याच्या कोऱ्या कागदावर, सात रकाने. रंग. गंज. पोट, म्हणजे गाडीची खालची बाजू. टायर. डिकी. आवाज. आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद: शेरा.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. उस्ताद, म्हणजे बायकोच्या वर्गातला जुना मित्र, आता गॅरेजवाला, त्यांना दाजी म्हणतो, आणि तो म्हणतो म्हणूनच तो शब्द त्यांना घासात खडा यावा तसा लागतो. पण या गोष्टीत दुसरं कुणी त्यांना कशानंच हाक मारत नाही. बायको "अहो" म्हणते. तेव्हा दाजी.

बायकोचं काम पाण्याचं. गावोगावच्या विहिरी, झरे, टाक्या, यांचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं. सहा तास उलटले की ते पाणी तपासायच्या लायकीचं राहत नाही, नुसतं प्यायच्या लायकीचं उरतं, असं ती म्हणते. इतके दिवस तिच्याकडे शहराच्या आसपासचा भाग होता आणि खात्याची स्कूटर होती. मग बढती झाली. येत्या एक तारखेपासून वरचा विभाग: एकेचाळीस गावं, आणि डांबर संपतं तिथून पुढे सगळा खडीचा रस्ता. तिथं साधी मोटार चढावर जागच्या जागी चाकं गरगरा फिरवत खडी उडवत बसते. म्हणून चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी. पेट्यांसाठी डिकी लांब हवी. आणि सेकंडहँड हवी, कारण नवी गाडी त्या खडीवर घालायला तिचा जीवच झाला नसता.

"जुनी घ्यायची तर निवडायला उस्तादला बोलावते," ती म्हणाली.

"तो कशाला? आपण दोघं बघू की."

"अहो, गाडीत डिझेल कुठून भरतात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

ठाऊक होतं. डावीकडून. निदान भावाच्या गाडीत तरी डावीकडूनच भरायचे.

"तुम्ही पण चला," ती म्हणाली. "तुम्ही हवेच आहात."

हे "पण" दाजींच्या डोक्यात आठवडाभर घोळलं.

गाडी पहिली

रंग: पांढरा, एके काळी.
गंज: दारांच्या खालच्या कडांना. रंगाखाली फोड आलेत.
पोट: दगडांचा मार खाऊन पोचे आलेलं.
टायर: चार कंपन्यांचे चार.
डिकी: लांब. दाराचं रबर वाळलेलं.
आवाज: डॅशबोर्डमागे कटकट.
शेरा: तो तिला "बाटले" म्हणाला. तीनदा.

तंत्रनिकेतनात असताना ती कायम हातात नमुन्याच्या बाटल्या घेऊन फिरायची, म्हणून वर्गानं तिला बाटली नाव ठेवलं होतं. वर्ग पांगला, नाव विरलं. एकट्या उस्तादनं ते सांभाळून ठेवलंय. "ए बाटले, इकडे बघ." "बाटले, वाकून बघ, हात घाण होऊ दे." आणि ती, जी घरात साधा बल्ब बदलताना हातात फडकं घेते, ती जुन्या गाड्यांच्या दुकानदारासमोर गुडघे टेकून गाडीखाली शिरली.

"एका हाताची गाडी आहे, ताई," दुकानदार म्हणाला.

"एका हाताची असेल," उस्ताद गाडीखालून बोलला, "पण चार पायांची चार मतं आहेत. हे टायर बघ, बाटले. एक नवा, दोन झिजलेले, एक भलत्याच मापाचा. चारही चाकं एकदम ओढणाऱ्या गाडीत हे चालत नाही. घरात चार जण चार बाजूंना ओढायला लागले की मधला मरतो. इथं मधला म्हणजे गिअरचा डबा."

"आमच्या घरात दोघंच आहोत," ती म्हणाली, आणि दोघं हसली. ती आणि तो. दाजी कागदावर 'टायर' लिहीत होते.

चक्कर मारायला निघाले तेव्हा ती चालवत होती, उस्ताद शेजारी, दाजी मागे. दाजींना पुढून काहीतरी कटकट ऐकू आली. त्यांनी घसा साफ केला.

"एक आवाज येतोय. पुढे. कटकट."

उस्तादनं डॅशबोर्डवर पंजा पसरून ठेवला, क्षणभर थांबला. "दाजी, ते प्लास्टिक आहे. त्यानं गाडी मरत नाही, ऐकणारा मरतो."

ती एवढी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसू आवरल्यावर तिनं आरशातून मागे पाहिलं. "पण बरं झालं सांगितलंत. अजून काही ऐकू आलं तर सांगा हं."

लहान मुलाला म्हणतात तसं म्हणाली, असं दाजींना वाटलं. त्यांनी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही.

तक्त्यात नसलेला रकाना

दाजींचा धंदा कानाचा. एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. तिच्यात आणखी एक खोली, जाड दाराची, भिंतींना राखाडी गादी लावलेली. पेशंट आत बसतो. दाजी काचेच्या या बाजूला बसून त्याच्या कानात एकेक सूर सोडतात, जाडा, मधला, बारीक, आणखी बारीक, आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, याची रेघ कागदावर उमटवतात. ती रेघ कपाटात जाते. कपाटाला कुलूप. सतरा वर्षांत दाजींनी कुणाच्या कानाबद्दल बाहेर चकार शब्द काढलेला नाही. सासूबाईंच्यासुद्धा नाही, आणि सासूबाईंना तर हवं तेवढं सगळं ऐकू येतं, हे सगळ्या घरादाराला कळलं असतं तर किती बरं झालं असतं.

चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, उस्ताद त्या खोलीत येऊन बसला होता.

आख्ख्या शहरात या माणसाच्या कानाचा बोलबाला. गाडी फाटकातून आत यायच्या आधी तो म्हणे सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आहे त्याच्याकडे. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. लोक आजूबाजूला चिडीचूप उभे राहतात. दाजींनी बायकोच्या तोंडून हे वर्णन इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या स्क्रूड्रायव्हरचा त्यांना माणसासारखा राग यायचा.

आणि उस्तादची रेघ? जाड्या सुरांना सरळ चालत गेली, मधल्यांना सरळ, आणि बारीक सुरांशी आल्यावर कड्यावरून पाय सुटावा तशी खाली गेली. दोन्ही कानांची. वीस वर्षं पत्र्याच्या छपराखाली हातोडे आणि ग्राइंडर ऐकल्याचा परिणाम. त्यावर औषध नाही.

"दाजी," उस्ताद म्हणाला होता, आणि त्या वेळी तो हसत नव्हता. "हे इथंच राहू दे. माझा कान गेला असं कळलं तर गॅरेजात कोण येईल?"

"इथून काही बाहेर जात नाही," दाजी म्हणाले होते.

गेलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून बायको "त्याचा कान" म्हणाली की दाजींच्या आत काहीतरी गोड गोड व्हायचं. जीभ दातांमागे धरून ठेवण्यातसुद्धा एक चव असते, हे त्यांना सतरा वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

गाडी दुसरी

रंग: निळा.
गंज: नाही.
पोट: ठीक. खाली लोखंडी पत्रा बसवलेला, दगडांसाठी.
टायर: चारही सारखे.
डिकी: धुळीसाठी तपासली. तपासणीला लागलेला वेळ: चार मिनिटं. टॉर्च मी धरली होती.

इथं तक्ता थांबतो. बाकीचं तोंडी सांगावं लागेल.

खडीच्या रस्त्यावर लांब डिकीच्या गाडीची एक खोड असते: ती मागून धूळ ओढून घेते. दाराच्या रबरात केसाएवढी फट असली तरी दहा मैलांत आतलं सगळं पिठात बुडवल्यासारखं होतं. कपड्यांची बॅग असेल तर झटकता येते. पाण्याच्या नमुन्यांचं तसं नसतं. म्हणून उस्तादची एक रीत आहे. मागची सीट पाडायची, माणसानं डिकीत आडवं व्हायचं, दार लावून घ्यायचं, आणि बाहेरून कुणीतरी रबराच्या कडेकडेनं टॉर्च फिरवायची. आत उजेड दिसला की धूळ येणार.

"एका माणसाला दोन्ही कडा दिसत नाहीत," उस्ताद म्हणाला. "बाटले, तू डावीकडून बघ, मी उजवीकडून. दाजी, टॉर्च."

दार धप्पकन लागलं.

गाडीचे मालक, एक नवरा-बायको, दारातल्या पायरीवर उभे होते. त्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी टॉर्च लावली. भर सकाळी, भर उन्हात, आपल्या बायकोला परक्या पुरुषाबरोबर डिकीत बंद करून बाहेरून उजेड दाखवत गाडीभोवती फिरणारा माणूस त्या दोघांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

आतून ठोकल्याचा आवाज आला. मग काहीतरी पुटपुट. मग हसणं.

"वर धरा, वर!" आतून बायको ओरडली.

दाजींनी वर धरली.

"अहो, हळू फिरवा! आरती ओवाळताय का?"

पुन्हा हसणं. या वेळी दोघांचं. पायरीवरची बाई नवऱ्याच्या कानाला लागली.

दार उघडलं तेव्हा बायकोच्या केसांत गालिच्याचे धागे अडकले होते आणि उस्ताद कोपर चोळत होता. फट होती. चांगली वीतभर लांब. गाडी बाद. आजवर कुठली गोष्ट बाद झाल्याचा दाजींना एवढा आनंद झाला नव्हता, आणि घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की याचा अर्थ पुढचाही रविवार असाच जाणार.

गाडी तिसरी

रंग: गर्द हिरवा.
गंज: नाही.
पोट: नाही म्हणजे, आहे, पण स्वच्छ.
टायर: चारही सारखे, एकाच वेळी घेतलेले.
डिकी: उजेड नाही. (या वेळी मी आत गेलो. एकटा. दोन्ही कडा एका माणसाला दिसतात.)
आवाज:

हिरवी गाडी जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांची होती. गुडघे दुखायला लागले म्हणून विकत होते. गाडीबद्दल बोलताना ते मुलीचं लग्न ठरवत असल्यासारखे बोलत.

"खडीवरच वाढलीय," ते म्हणाले. "पण कधी भरधाव हाकललेली नाही."

बायको तिच्या प्रेमात पडली. स्टिअरिंगवर हात ठेवून बसली आणि काही बोललीच नाही, म्हणजे पडलीच. उस्तादनं स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला, मूठ कानामागे, डोळे बंद. आजोबा श्वास धरून उभे. दाजींना त्या हाडामागचा कान ठाऊक होता. त्या हाडावरून जाडा आवाज आत जाईल, धडधड जाईल. बारीक काही जाणार नाही, स्क्रूड्रायव्हर सोन्याचा असला तरी.

"इंजिन फुलासारखं आहे," उस्ताद म्हणाला.

दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर तिनं गाडी घातली. चाळीस. पंचेचाळीस. खडी खाली ताडताड वाजत होती. पन्नासच्या पुढे काटा गेला आणि दाजींना ती ऐकू आली.

शीळ. बारीक, एका सुरातली, मागून, पायाखालून. पायडलवरचा पाय काढला की बंद. दाबला की पुन्हा. दाजींना तिचा सूर नेमका सांगता आला असता. उस्तादची रेघ जिथं कड्यावरून पडत होती, त्याच्या थोडी पुढची जागा.

"अहो, आवाज कसा वाटतोय?" बायकोनं विचारलं.

दाजी खिडकीबाहेर बघू लागले.

उस्ताद मागे वळला. "दाजी, मागं काही?"

पुढच्या दोन सीटच्या मधून ती दोन तोंडं त्यांच्याकडे बघत होती. एकाच आशेनं. जोडीनं.

सांगा की, दाजी. सांगा, शीळ येतेय. पण पहिल्या गाडीत कटकट सांगितली तेव्हा काय झालं? आणि नाही सांगितलं तर? तर गाडी घरी येईल. पंधरा दिवसांत, महिन्यात, ती शीळ सगळ्यांना ऐकू येईल. मग बायको म्हणेल, उस्तादच्या कानाला झालंय तरी काय? दाजी कपाट उघडणार नाहीत, शब्द मोडणार नाहीत. नुसते बसून राहतील. कान आपला आपण उघडा पडेल.

"काही नाही," दाजी म्हणाले.

शेरा: पुढच्या रविवारी येतो असा आजोबांना शब्द दिला. तिनं आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला नाही घातला.

सोमवार, मंगळवार, बुधवार

सोमवारी दाजी खूश होते.

मंगळवारी गादी लावलेल्या खोलीत एक शिक्षिका बसल्या होत्या. दाजींनी बारीक सूर सोडला, आणि तो नेमका हिरव्या गाडीचा सूर निघाला. त्यांचं बोट बटणावरच राहिलं. "अजून वाजतंय का हो?" बाईंनी काचेतून विचारलं.

बुधवारी त्यांनी दवाखान्याच्या वाहनचालकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, मागच्या ॲक्सलमधून शीळ येत असेल तर काय होतं?

"आतले दाते खातायत एकमेकांना."

"मग?"

"मग एक दिवस अडकतात. सपाटीला असाल तर गाडी उभी राहते."

"आणि उतारावर?"

चालक चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. "कुणाची गाडी आहे, साहेब?"

गुरुवार

सकाळी बायको दिवाणखान्यातलं टेबल सरकवून फरशीवर खडूनं हिरव्या गाडीची डिकी काढून बसली होती. खऱ्या मापात. बर्फाच्या दोन पेट्या, बाटल्यांचे चार क्रेट, सुटं चाक. एकेक वस्तू उचलून त्या चौकोनात ठेवून बघत होती. सगळं बसत होतं.

दाजी दारात उभे राहिले. गाडीपासून सुरुवात करायची, असं ते रात्रभर मनाशी घोकत होते. शीळ येते, एवढंच म्हणायचं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तुझ्या उस्तादचा कान गेलाय."

खडू थांबला नाही. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"कान गेलाय ते. तुमच्याकडून बाहेर आला त्याच दिवशी सांगितलं त्यानं. मी तुम्हाला डबा द्यायला आले होते. समोरच्या बाकावर बसला होता. रडत होता."

"तुझ्यासमोर?"

"मग कुणासमोर रडायचं त्यानं?"

दाजींना तो बाक आठवला. दवाखान्यासमोरचा, हिरव्या पट्ट्यांचा, दोन माणसं बसली तर खांदे लागतात तो.

"आणि हे तू मला चार महिने सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत मला?"

"मी कसं सांगणार? ते पेशंटचं असतं! ते बाहेर कुणाला..."

दाजी थांबले. ती वर बघत होती. खडूचं बोट तिनं हळूच झटकलं.

"आत्ता सांगितलंत की," ती म्हणाली.

"तुम्हाला काय वाटलं, दर रविवारी तुम्हाला मागे कशाला बसवत होते? त्यानंच सांगितलं होतं. म्हणाला, बाटले, माझ्याच्यानं वरचे आवाज आता होत नाहीत, हातानं कळतं तेवढं सांगीन, बाकी दाजींचा कान घे. तुम्हाला तोंडावर म्हणायला लाजत होता. म्हणून मी विचारत होते. चक्कर मारली त्या प्रत्येक गाडीत विचारलं की नाही? काही ऐकू आलं तर सांगा, आवाज कसा वाटतोय."

"मला वाटलं..."

"काय?"

"हिरव्या गाडीत शीळ आहे," दाजी म्हणाले. "मागच्या ॲक्सलमध्ये. पन्नासच्या पुढे. आतले दाते खातायत."

"कधी कळलं?"

दाजींनी फरशीकडे पाहिलं.

"रविवारी ऐकलीत?"

"हो."

"त्यानं विचारलं, मागं काही? तेव्हा?"

"हो."

"आणि काही नाही म्हणालात."

तिनं बर्फाची एक पेटी उचलली, चौकोनाबाहेर ठेवली. मग दुसरी.

"एकेचाळीस गावं आहेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर दाजींना सोपं गेलं असतं. "वरच्या सहा गावांना जायचा रस्ता कड्याला चिकटून आहे. एका बाजूला काही नाही. कशासाठी, तेवढं तरी सांगा मला."

दाजींनी खूप शोधलं. जे हाताला लागलं ते इतकं किरकोळ होतं की त्यांना स्वतःलाच ते पाहवेना.

"तो तुला बाटले म्हणतो."

ती बघतच राहिली. "एवढ्यावर?"

"आणि मला तू अहो म्हणतेस."

"मग तुम्ही पण म्हणा बाटले! कुणी अडवलंय?"

दाजींनी तोंड उघडलं. ओठ जुळले, ब तयार झाला, आणि तिथंच राहिला. दुसऱ्याचा शर्ट अंगात घालून आरशासमोर उभं राहावं तसं झालं.

ती वाट बघून उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली असेल.

"त्या बाकावर," दाजींनी विचारलं, "किती वेळ बसला होतात?"

तिनं मागे न बघता दार लावून घेतलं.

रविवार

उस्तादला तिनं वेगळंच सांगितलं होतं. दाजींना काहीतरी ऐकू आलं होतं, पण खात्री नव्हती, त्यामुळे तेव्हा बोलले नाहीत. विचार करून गुरुवारी म्हणाले. दाजींना हे कळलं ते उस्तादच्या तोंडून, कारण घरात तीन दिवस मीठ आण, दूध आण यापलीकडे बोलणं नव्हतं.

"खात्री नसली तरी बोलायचं, दाजी," उस्ताद म्हणाला, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. काळे, तेलकट, खरखरीत हात. "कानाचं तिनं तुम्हाला सांगितलं ना आता? मीच सांगणार होतो. लाज वाटत होती, दुसरं काय."

दाजी त्याच्याकडे बघूही शकले नाहीत.

हिरव्या गाडीखाली जाऊन उस्तादनं मागच्या ॲक्सलच्या मधला लोखंडी गोळा पुसला आणि तळाचा नट खोलला. त्या नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. नट बाहेर आला तेव्हा त्यावर चंदेरी लोखंडाचा कीस दाट चिकटला होता, मांजरीच्या पिलाच्या अंगावरच्या लवेसारखा. आजोबा वाकून बघत राहिले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. सत्तरीच्या कानांना ती शीळ कुठून कळणार?

"दाजी," उस्ताद गाडीखालूनच म्हणाला, "मानलं तुम्हाला."

बायकोनं गाडीची चावी आजोबांच्या हातात परत दिली.

गाडी चौथी

रंग: मातकट. मूळचाच.
गंज: मागच्या चाकाच्या वर, रुपयाएवढा.
पोट: खरचटलेलं, पण कुठं वाकलेलं नाही.
टायर: चारही सारखे, चारही जुने.
डिकी: उजेड नाही.
आवाज:

एक तारखेला पाच दिवस उरले होते. ही गाडी एका विहिरी खोदणाऱ्याची होती, आणि दिसायला इतकी ओबडधोबड की तिच्यावर कुणाचं प्रेम बसेल अशी भीती नव्हती. विहीरवाला चावी देऊन आपल्या कामाला निघून गेला. उस्तादनं नट खोलून पाहिला: चुंबकावर नुसता काळा चिखल, जेवढा असायचा तेवढाच. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून गोल फिरवली: चाकांतून कडकड नाही.

मग खाणीचा रस्ता. ती चालवत होती. उस्ताद शेजारी, एक तळवा गिअरच्या दांड्यावर, दुसरा दारावर. दाजी मागे.

चाळीस. पन्नास. साठ. तिनं पाय काढला, पुन्हा दाबला.

दाजी ऐकत होते. सतरा वर्षांत कधी ऐकलं नसेल असं. खडी वाजत होती, काचेची एक कड थरथरत होती, इंजिन म्हाताऱ्या बैलासारखं फुसफुसत होतं. त्याच्या वर काही नव्हतं. त्याच्याही वर काही नव्हतं. जिथं उस्तादची रेघ संपली होती तिथून पुढचं सगळं आभाळ मोकळं होतं.

आणि आता दाजींना पुढचं सगळं दिसायला लागलं. आवाज नाही म्हटलं तर गाडी घरी येणार. दर महिन्याला तेल बदलायला, दर दोन महिन्यांनी ब्रेक बघायला, खडीनं फुटलेला दिवा बसवायला, ती त्याच्या गॅरेजात जाणार. लाकडी खोक्यावर बसणार, चहा पिणार. वर्षानुवर्षं. आवाज आहे म्हटलं तर ही गाडी बाद, आणि पुढचे किती तरी रविवार पुन्हा असेच: ती दोघं पुढे, आपण मागे. तिसरा काही रस्ता असतो का, ते शोधायला त्यांना खाणीपर्यंतचं सगळं अंतर पुरलं नाही.

"दाजी?" उस्तादनं विचारलं.

"काही नाही," दाजी म्हणाले. "स्वच्छ आहे."

तिनं खाणीच्या फाटकाशी गाडी वळवली आणि त्याच रस्त्यावर पुन्हा घातली. चाळीस. पन्नास. साठ.

"आता?" तिनं विचारलं. आरशात तिचे डोळे होते.

"काही नाही."

डांबराच्या तोंडाशी पोचल्यावर तिनं गाडी थांबवली. दाजींना वाटलं, झालं. तिनं पुन्हा वळवली. धूळ आधीच्या दोन खेपांची अजून खाली बसली नव्हती, त्या धुळीतूनच ती निघाली, आणि या वेळी पासष्टपर्यंत नेली.

"नीट ऐका," ती म्हणाली.

"ऐकतोय. नाही काही. खरंच नाही."

"खरंच?"

त्या एका शब्दात काय होतं ते गाडीतल्या दोघांनाच कळत होतं. तिसरा मजेत दारावर बोटं वाजवत होता.

"देवाशपथ," दाजी म्हणाले. लहानपणानंतर हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला असेल.

तिनं खाणीच्या फाटकाशी गाडी आणली, आणि चौथ्यांदा वळवायला स्टिअरिंग फिरवलं.

"बाटले, बास की आता," उस्ताद म्हणाला. "डिझेल काय झऱ्याचं आहे? दाजी नाही म्हणाले म्हणजे नाही. असला माणूस खोटं बोलायचा नाही."

तिनं गाडी थांबवली. आरशात पाहिलं नाही. मान वळवून शेजारी पाहिलं.

"तू सांगतोयस ना?"

"मी सांगतो."

"मग घेते," ती त्याला म्हणाली.